जंतांचं माहेर शोधणारी

सुजाता गेल्याचं मला कळलं ते मोबाइलवर, आणि तेही कुणाकडून कळावं... तर ज्या माणसानं तिला आयुष्यभर पाण्यात पाहिलं, त्याच्याकडून. मी डोणगावच्या दवाखान्यात होतो. मी जनावरांचा डॉक्टर. एका म्हशीला सलाईन लावून हात धूत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जिल्ह्यातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि आम्ही पशुवैद्य यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर तिच्या पीएच.डी.च्या गाईडसरांनी मेणबत्तीचं चित्र टाकून लिहिलं होतं, ‘माझी अत्यंत लाडकी विद्यार्थिनी डॉ. सुजाता हिच्या अकाली निधनाने विज्ञानाची अपरिमित हानी.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी ओल्या हातानंच तिच्या भावाला, मिलिंदला, फोन केला. “हाव भाऊ,” तो म्हणाला, “सकायीच गेली.”

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल शांत मनानं लिहावं असं म्हणतात. माझं मन शांत नाही. शांत व्हायची वाट पाहिली असती तर हे लिहून झालं नसतं, आणि सुजाताला शांत माणसांचं तसंही फार कौतुक नव्हतं. ‘लाडकी’ हा शब्द मला त्या दिवसापासून टोचतो आहे. ती कुणाची लाडकी नव्हती. घरच्यांची असेल, माझ्या आईची नक्कीच होती. पण ज्या जगात तिनं वीस-बावीस वर्षं राबून काम केलं, त्या जगानं तिला लाडानं कधी बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही.

ती साखरखेर्ड्याची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करणारी. बौद्ध वस्तीतली, एम.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. मी धामणगाव बढ्याचा, घरची शेती असलेला कुणबी. नोकरी लागून डोणगावला आलो तेव्हा एका बाजाराच्या दिवशी ती दवाखान्यात आली. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, आणि हातात चहाचा मोठा थर्मास. मला वाटलं, कुणा अधिकाऱ्याची बायको असेल. ती टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “डॉक्टर, मले बकरीचं पोट पाह्यजे.” मी विचारलं, “कशाला?” “त्यातले जंत पाह्यजेत. जित्ते. थर्मासात बर्फ आहे.” त्याच दिवशी एक बकरी मेलेली आली होती. मी तिचं चौथं पोट उघडून दाखवलं. आतल्या भिंतीला लाल-पांढऱ्या पिळाचे, दोऱ्यासारखे जंत चिकटलेले. रक्त पिऊन जगणारे. दुसरी कुणी तोंडाला पदर लावून मागं सरली असती, ही वाकून म्हणाली, “किती सुंदर पीळ आहे बघा.” त्या दिवसापासून आमची जी दोस्ती जुळली, ती शेवटपर्यंत टिकली. मी तिला ताई म्हणू लागलो, ती मला विलासभाऊ.

तिच्या अभ्यासाचा विषय सांगितला की लोक हसायचे. परजीवी गोलकृमींच्या मायटोकॉन्ड्रियातला जीनोम काळाच्या ओघात कसकसा बदलत गेला, हा तो विषय. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं तो माझ्या आईला समजावला होता, तो प्रसंग मला काल घडल्यासारखा आठवतो. आईनं शेवभाजी केली होती आणि सुजाता नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत तिखट खात होती. ती म्हणाली, “मावशी, आपल्या अंगातल्या पेशीत बारक्या बारक्या चुली असतात. अन्नातून ताकद काढतात त्या. त्या चुलीपाशी एक लहानशी गोल पोथी असते, तिची स्वतःची. ती पोथी लेकराले फक्त आईकडून भेटते. बापाचं त्याच्यात काहीच नसते. म्हणून ती वाचली का आईची आई, तिची आई, असं मागं मागं जाता येते.” आई म्हणाली, “जंताचंबी तसंच?” “जंताचंबी तसंच. मी जंताचं माहेर शोधून राह्यले.” आई हसत म्हणाली, “बाप्याचं नाव नाई म्हनतं... मंग पोथी खरीच असन.” सुजाता इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण या हसण्याखाली तिच्या मनात एक प्रश्न होता आणि तो तिला झोपू देत नव्हता. बहुतेक प्राण्यांच्या त्या छोट्या पोथीत सदतीस जनुकं असतात. गोलकृमींपैकी बहुतेकांच्या पोथीत छत्तीसच. एक बारकंसं जनुक गायब. काही कृमींत जनुकांचा क्रम पार उलटापालटा झालेला, तर बटाट्याच्या मुळाला लागणाऱ्या एका कृमीत अख्ख्या पोथीचेच तुकडे होऊन वेगवेगळी वर्तुळं बनलेली. हे कधी झालं, कुणाच्या पूर्वजात झालं, कशामुळं झालं? ती म्हणायची, “भाऊ, सोपं उत्तर सगळ्यायच्या तोंडावर असते, का परजीवी आहे, आयतं खातो, म्हणून अंगचं गमावलं. मले हे सोपं उत्तर पटत नाही.”

तेच सोपं उत्तर तिच्या तोंडावर फेकण्यात आलं तो दिवस मी पाहिला आहे. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, कुणालाही बसता यायचं, म्हणून मी रजा काढून गेलो होतो. मिलिंद आणि तिची आईही आलेली. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत रेलून बसले होते, शेजारी हे गाईडसर. ते हरवलेलं जनुक पडद्यावर आलं तेव्हा परीक्षक म्हणाले, “यात शोधण्यासारखं काय आहे? आयतं मिळायला लागलं की अंगची कुवत जाते. प्राण्यांत काय आणि माणसांत काय. सवलतींवर वाढलेल्यांना तर हे शिकवायलाच नको.” आणि हसले. सभागृहात अर्धे लोक हसले. गाईडसरही हसले. तिच्या आईला बोलणं नीट कळलं नव्हतं, पण हसणं कळलं होतं. तिनं मिलिंदचा हात धरला.

सुजातानं पडद्यावर दाखवायला हातात घेतलेली काठी टेबलावर ठेवली. आवाज न चढवता तिनं प्रमाण मराठीत उत्तर दिलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. “सर, शेतातल्या मातीत स्वतः कमावून खाणारे गोलकृमी आहेत. त्यांच्यातही हे जनुक नाही. आणि माणसाच्या आतड्यात बसून आयतं खाणारा चाबूकजंत आहे, त्यानं ते आजपर्यंत सांभाळलं आहे. म्हणजे आयतं खाण्याचा आणि गमावण्याचा संबंध तुम्ही म्हणता तसा लागत नाही. परजीवी होण्याच्या आधीच, एका फार जुन्या पूर्वजापाशी ते गेलं असावं, असं माझ्या वंशवृक्षावरून दिसतं. चौथं प्रकरण आहे ते. आपण वाचलं नसावं.”

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. परिणाम लगेच दिसला. प्रबंध ‘भाषा आणि मांडणी सुधारावी’ असा शेरा मारून परत पाठवण्यात आला. विज्ञानातली एकही चूक दाखवता आली नाही, म्हणून भाषेची काढली. दोन वर्षं गेली त्यात. गाईडसर तिला नंतर एवढंच म्हणाले, “ऐकून घ्यायचं असतं गं. मोठी माणसं आहेत.” ती बाहेर आली, डोळे कोरडे ठेवून मला म्हणाली, “भाऊ, ऐकून घ्याचं काम माह्या मायनं केलं, तिच्या मायनं केलं. माह्यापासून बंद.”

पुढं ती जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात लागली. तिथंही शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये तिनं डबा ठेवलेला दोघातिघांना चालेना. कारण सांगितलं जंतांचं. “मॅडम, तुमचे ते नमुने... इन्फेक्शन होईल.” नमुने वरच्या मजल्यावर, कुलुपातल्या वेगळ्या फ्रिजात होते आणि डब्यात होती मेथीची भाजी. जंतांचं नुसतं निमित्त आहे हे तिला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. तिनं डबा तिथंच ठेवला. रोज ठेवला. ज्यांना चालत नव्हतं ते डबे टेबलावर ठेवू लागले आणि उन्हाळ्यात त्यांच्या भाज्या आंबायला लागल्या. हे ती मोठ्या चवीनं सांगायची.

ती देवमाणूस वगैरे नव्हती. भांडखोर होती. बसमध्ये, बँकेत, भाजीवाल्याशी, कुठंही तिचा आवाज आधी पोचायचा. एकदा मेहकरच्या बसमध्ये शेजारच्या बाईनं पाण्यासाठी तिचा थर्मास उघडला आणि आत बकरीचं आतडं. कंडक्टरनं बस थांबवली. सुजातानं त्याला अर्धा तास एसटीचे नियम ऐकवले, कारण ते तिच्या वडिलांमुळं तिला पाठ होते. बस हलली ती तिला घेऊनच.

या भांडखोरपणाचा कस लागला तो बकऱ्यांच्या प्रकरणात. एका मोठ्या संस्थेनं आमच्या भागातल्या एकट्या बायकांना बकऱ्या वाटल्या. संस्थेचं नाव घेत नाही. नावं बदलतात, रीत तीच राहते. दूरच्या परराज्यातल्या बाजारातून ट्रक भरून बकऱ्या आल्या, गळ्यात हार घालून फोटो निघाले, आणि त्याच संध्याकाळी त्या गावातल्या बकऱ्यांबरोबर चरायला सोडल्या. पाऊसकाळ उलटला तशा बकऱ्या मरायला लागल्या. पापण्या पांढऱ्याफटक, जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबलेली. मी जंताचं औषध दिलं. पुन्हा दिलं. लेंड्या तपासल्या तर अंडी तशीच. औषध त्या जंतांना लागूच पडत नव्हतं. नव्या बकऱ्या गेल्या, त्यांच्यामागून गावातल्या जुन्याही.

संस्थेच्या लोकांनी ठरवून टाकलं की बायकांचा निष्काळजीपणा. बायका चारा घालत नाहीत, लक्ष देत नाहीत. सुजाताला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, “मले मेलेल्या बकऱ्यायचे जंत द्या. ज्या गावात ट्रक गेला नाही तिथल्याबी बकऱ्यायचे द्या.” मग मिलिंदला घेऊन ती त्या परराज्यातल्या बाजारात जाऊन आली, थर्मास घेऊन. महिने लागले. डीएनए काढून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, अक्षरांच्या ओळी परत यायच्या, आणि कॉलेज सुटल्यावर ती त्या एकमेकींशी ताडून बघत बसायची. शेवटी तिनं मला बोलावून कॉम्प्युटरवर जंतांच्या वंशाचं झाड दाखवलं. ट्रक न गेलेल्या गावांतले जंत एका फांदीवर. मेलेल्या बकऱ्यांमधले बहुतेक दुसऱ्या फांदीवर, त्या लांबच्या बाजारातल्या जंतांच्या मांडीला मांडी लावून. मी म्हणालो, “म्हणजे औषधाला न जुमानणारे जंत ट्रकमधून आले, हे सिद्ध झालं.” ती लगेच तुटून पडली. “अर्धंच झालं भाऊ. औषध लागू पडत नाही ते ह्या पोथीत लिहेल नसते, ते दुसऱ्या जनुकात असते. ते तुम्ही औषध देऊन पाह्यलं. मी फक्त माय कुठची ते सांगते. दोन्ही जोडून बोला, जास्तीचं बोलू नका.” रागात असतानाही ती एक शब्द जास्तीचा बोलत नसे.

संस्थेनं बैठक घेतली. बायका खाली सतरंजीवर, आम्ही खुर्च्यांवर. सुजाता खुर्चीवरून उठून बायकांजवळ जाऊन बसली. तिनं सगळं मांडलं. मुख्य अधिकारी हसून म्हणाले, “मॅडम, हे जंत आमच्याच बकऱ्यांतून आले कशावरून? जंत काय आधारकार्ड घेऊन येतात?” सुजाता म्हणाली, “हो, घेऊन येतात. त्यावर फक्त आईचं नाव असतं. तेच मी वाचलं आहे.” साहेबांचं हसू गेलं. ते म्हणाले, “अहवाल वर गेला आहे. लाभार्थ्यांनी नीट सांभाळलं नाही, असं त्यात आहे. आता बदलता येणार नाही.” तेव्हा शेवंताबाई उठल्या. नवरा गेलेली, सगळ्या बकऱ्या गमावलेली बाई. म्हणाल्या, “सायेब, म्या लेकराच्या ताटातली भाकर त्या बकरीले चारली. म्या तिले मारली म्हनून तुमी कागदावर लिहून राह्यले. काऊन लिहून राह्यले?” साहेब कागद आवरू लागले. सुजाता उभी राहिली. “त्या तुम्हाला प्रश्न विचारत आहेत, साहेब.” साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागवला.

अहवाल बदलला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात तसाच ट्रक आला, तशाच बकऱ्या तशाच सोडल्या. कळस म्हणजे संस्थेनं एक रंगीत पुस्तिका काढली, तिच्यात त्या बैठकीतला सुजाताचा फोटो आणि खाली ‘तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली’. ती त्यांच्या कार्यालयात जाऊन बसली. फोटो काढल्याशिवाय उठत नाही म्हणाली. शेवटी त्यांनी उरलेल्या पुस्तिकांतल्या तिच्या तोंडावर पांढरा कागद चिकटवला. ती त्यातली एक घेऊन आली आणि माझ्या टेबलावर टाकून म्हणाली, “पाह्या. खरं बोलणाऱ्याचं तोंड असंच दिसते.”

मग तिनं संस्थेचा नाद सोडला आणि शेवंताबाईंच्या गावात स्वतःच जायला लागली. नवी बकरी आली की आधी वेगळ्या खोपीत ठेवायची, लेंड्या तपासून झाल्याशिवाय कळपात घालायची नाही, एवढं साधं. बायकांनी ते उचललं. तिथं पुन्हा तशी मर लागली नाही.

आणि मग तिचं स्वतःचं पोट दुखायला लागलं. फुगायचं, भूक जायची. शहरातल्या एका डॉक्टरांकडं ती कितीदा गेली. दर वेळी ॲसिडिटीच्या गोळ्या आणि दर वेळी तेच वाक्य, “मॅडम, तुम्ही टेन्शन फार घेता.” पोटाला हात लावून पाहिलं नाही. मी माझ्या दवाखान्यात आलेल्या शेळीच्या पोटाला हात लावल्याशिवाय औषध देत नाही. सोनोग्राफी झाली तेव्हा अंडाशयातला कर्करोग सगळीकडं पसरलेला होता. आम्ही संभाजीनगरला नेलं, जे जे करायचं ते केलं... उशीर झाला होता. शेवटच्या भेटीत तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी खाटेशी बसलो तर म्हणाली, “भाऊ, त्या डॉक्टरले जाऊन सांगा, टेन्शन नव्हतं म्हणा.” मी गेलो. सांगितलं. ते म्हणाले, “सो सॉरी,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

कॉलेजनं शोकसभा घेतली. गाईडसर मंचावर. ते बोलले की सुजाता अत्यंत सोशिक, नम्र, मितभाषी होती. मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. तिला ज्या ज्या गोष्टी व्हायला सांगितलं आणि जे ती कधी झाली नाही, ते सगळं तिच्यावर मेल्यावर लादणं चाललं होतं. मी उठून माईकपाशी गेलो. म्हणालो, ती सोशिक नव्हती आणि ती का नव्हती ते सांगतो. तोंडी परीक्षेचा प्रसंग सांगायला सुरुवात केली, तेव्हा सूत्रसंचालक कानाशी आले, “डॉक्टरसाहेब, वेळ संपली.” पहिल्या रांगेत सुजाताची आई बसली होती, पांढऱ्या लुगड्यात. ती बसल्या जागेवरून म्हणाली, “त्यायले बोलू द्या.” सूत्रसंचालक मागं सरले. मी सगळं सांगितलं, त्या हसण्यासकट. गाईडसर खाली मान घालून मोबाइल बघत होते. नंतर दाराशी मला म्हणाले, “आज हे बोलायला नको होतं.” मी विचारलं, “मग कधी, सर?” ते गाडीत बसले.

मग मिलिंद आणि मी कॉलेजातल्याच वरच्या मजल्यावर, तिच्या कामाच्या खोलीत गेलो. खोली परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांनी भरली होती. नमुन्यांचा फ्रिज रिकामा, दार सताड उघडं. साखरखेर्डा, डोणगाव, धामणगाव, जिथं जिथं बकऱ्यांचा बाजार भरतो तिथून तिनं गोळा केलेले जंत, इतक्या वर्षांचे. विचारलं तर कळलं, वास येत होता म्हणून फेकले. कुणी फेकले ते कुणाला माहीत नव्हतं. मिलिंद फ्रिजचं दार लावायला गेला, ते लागत नव्हतं. तो ते परत परत लावत राहिला... शेवटी मी त्याला धरून खाली आणलं. तिनं वाचलेल्या पोथ्यांची अक्षरं तेवढी इंटरनेटवरच्या, जगासाठी खुल्या असलेल्या साठ्यात तिनं आधीच टाकून ठेवली होती. ती आहेत. ती कुणाला फेकता येणार नाहीत.

गेल्या आठवड्यात मी शेवंताबाईंच्या गावी लसीकरणाला गेलो. खोपीत एक नवी पाट, अजून न व्यालेली तरणी बकरी, बांधली होती, एकटीच, ओरडत होती. शेवंताबाई घरातून लगबगीनं आल्या. हातात औषधाची रिकामी डबी, तिच्यात लेंड्या, वर चिंधी बांधलेली. माझ्यामागं रस्त्याकडं बघत म्हणाल्या, “म्याडम नाई आल्या? लय दिसात चक्कर नाई त्यायची.” तिथपर्यंत कुणी बातमी पोचवलीच नव्हती. मेणबत्तीचं चित्र त्यांच्या फोनवर येण्याचं काही कारण नव्हतं. मी सांगितलं. त्या जात्यापाशी टेकल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “काय झालतं?” मी म्हणालो, “पोटात होतं. डॉक्टरनं पाहिलं नाही.” त्यांनी मान हलवली, जणू यात नवीन काही नाही. मग हातातल्या डबीकडं पाहिलं.

“मंग हे आता कोन पाहीन?”

मी डबी घेतली. दवाखान्यात येऊन, हात धुऊन, मायक्रोस्कोपखाली पाहिलं. जंतांची अंडी होती. शेवंताबाईंना फोन करून सांगितलं, बकरी खोपीतच राहू द्या.

“हाव,” त्या म्हणाल्या, “आमी सोडतच नवतो.”